मारुतीची कावीळ आणि रुक्मिणचं रक्त

कावीळ झालेला माणूस आमच्या प्रयोगशाळेत सगळ्यात शेवटी यायचा. तोवर त्याच्या गळ्यात मुळ्यांची माळ पडलेली असायची, तळहाताला चुन्याच्या पाण्याचा वास असायचा, नाकात कुणीतरी कसला तरी रस पिळलेला असायचा. एवढं सगळं उरकल्यावर बरोबरचा पावणा मला म्हणायचा, "बाई, उतरली का न्हाई तेवढं रक्तात बघून सांगा." म्हणजे इलाज त्यांचा आणि शिक्का आमचा.

सेनगाव तालुक्यातल्या एका सरकारी दवाखान्यात मी प्रयोगशाळा तंत्रज्ञ होते. माझं माहेरही त्याच तालुक्यातलं. आई-वडील दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचायचे, मी औरंगाबादला वसतिगृहात राहून हा कोर्स केला. नोकरीची कहाणी पहिल्यापासून सांगत बसत नाही, ती सगळ्यांची सारखीच असते. लोक मला कधी सिस्टर म्हणायचे, कधी मॅडम, आणि बहुतेक वेळा 'रक्तवाल्या बाई'. हे तिसरं नाव मला सगळ्यात खरं वाटायचं.

गिऱ्हाइकं एकेक नमुना. एका आजीनं तपासणी झाल्यावर उरलेलं रक्त परत मागितलं होतं. "तुमचं काम झालं ना? मंग घाला माघारी, लई मेहनतीचं हाये ते." एक नवरदेव लघवीचा नमुना अत्तराच्या बाटलीत घेऊन आला. बाटली धुवावी हे त्याला सुचलं नव्हतं, त्यामुळे दिवसभर आमच्या खोलीत गुलाब दरवळत राहिला.

तर कावीळ. रक्त काढून नळीत जरा ठेवलं की गोठतं. मग ते गरगर फिरणाऱ्या सेंट्रिफ्यूज यंत्रात घातलं की लाल भाग तळाशी बसतो आणि वर पातळ पाणी राहतं. त्याला सीरम म्हणतात. चांगल्या माणसाचं सीरम फिकट असतं, काविळीच्या माणसाचं हळद कालवल्यासारखं. यंत्रावर मोजण्याआधी मी नळी खिडकीशी धरून बघायची. खूप वर्षं बघितल्यावर डोळ्याला अंदाज येतो.

कावीळ बहुधा दोन वाटांनी येते. एक घाण पाण्यातून, ती पावसाळ्यात गावंच्या गावं धरते. दुसरी रक्तातून. दूषित सुई, न्हाव्याचा वस्तरा, नवरा-बायकोचा संबंध, किंवा बाळंत होताना आईकडून बाळाला. या दुसऱ्या वाटेवरच्या एका विषाणूचं नाव हिपॅटायटिस बी. त्याच्या तपासणीला त्या काळी सगळे 'ऑस्ट्रेलिया' म्हणायचे, कारण तो घटक पहिल्यांदा तिकडच्या माणसाच्या रक्तात सापडला होता. एका ट्रॅक्टरवाल्याला मी सांगितलं, तुमचं ऑस्ट्रेलिया निघालंय. तो घाबरून म्हणाला, "बाई, मी नांदेडच्या पल्याड कधी गेलो न्हाई, आईशप्पथ."

आता मारुतीची गोष्ट. आयुष्यभर रक्त बघितलं, पण रक्तात काय चाललेलं असतं हे मला ज्याच्यामुळे कळलं तो हा माणूस.

आमचा जिल्हा तेव्हा परभणीपासून नुकता वेगळा झाला होता. हिवाळा होता. साखऱ्याचा मारुती नावाचा धनगर जवळा बाजारच्या आठवडी बाजाराला बकऱ्या विकायला गेला आणि तिथंच ओकाऱ्या करत खाली बसला. सोबत्यांनी त्याला जीपमध्ये घालून आमच्याकडे आणलं. पंचविशीचा गडी, दोन कोकरं दोन बगलांत मारून ओढा ओलांडणारा. पण डोळे असे पिवळे की बघणाऱ्याला कसंतरी व्हावं. मागोमाग साखऱ्याहून त्याची आई कोंडाबाई आली आणि बायको रुक्मिण. रुक्मिण पोटुशी होती, सातवा लागला होता. सासूच्या मागे पदर धरून उभी होती आणि एक शब्द बोलत नव्हती.

आमचे डॉक्टर म्हणजे डॉक्टर सय्यद. औषधं कमी लिहायचे आणि पेशंटच्या खाटेवर बसून बोलायचे फार. निम्मं मराठी, निम्मं दख्खनी.

"अम्मा, आधी कुठं दाखवलं?"

"माळ घातली. अन् एका बाबानं नाकात औषध घातलं. लई पाणी गेलं नाकातून, पिवळंधम्मक."

"माळ राहू द्या, तिची काही तकलीफ नाही. नाकात मात्र आता काहीच घालायचं नाही. बराबर?"

मी रक्त घेतलं. लिव्हरच्या पेशी फुटल्या की त्यांच्या आतली द्रव्यं रक्तात सांडतात. ती किती सांडली ते मोजलं की लिव्हरची किती नासधूस झाली ते कळतं. मारुतीची पातळी आमच्या यंत्राच्या आवाक्याबाहेर गेली. सीरममध्ये पाणी घालून पातळ करून मला पुन्हा मोजावं लागलं. आणि ऑस्ट्रेलिया निघालं.

डॉक्टर सय्यदांची कॉलेजातली एक धाकटी मैत्रीण होती, डॉक्टर नंदिनी. ती एका मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत संशोधन करायची. शहराचं आणि संस्थेचं नाव सांगत नाही. तिला अशा ताज्या, ऐन भरातल्या काविळीच्या पेशंटचं रक्त हवं होतं, तेही जिवंत. डॉक्टरांनी फोन केला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ती जीपमधून उतरली. बारीक चणीची, खांद्याला भली मोठी पिशवी, चेहऱ्यावर रस्त्याची सगळी धूळ.

मारुतीच्या खाटेपाशी बसून तिनं आधी त्याला विचारलं. "तुमचं थोडं रक्त नेऊ का? खरं सांगते, तुम्हाला याचा फायदा नाही. पुढच्या कुणाला तरी होईल."

मारुती डोळे मिटून पडला होता. तसाच म्हणाला, "न्या की. पर त्यात काय निघालं ते मला सांगा. मेंढरू इकलं तरी ते कुठं गेलं ते आमी इचारतो."

रक्त काढताना मी तिला विचारलं, "मॅडम, हा विषाणू एवढ्या धडधाकट माणसाचं लिव्हर असं फोडतो तरी कसं?"

ती म्हणाली, "बाई, विषाणू फोडतच नाही. तो लिव्हरच्या पेशीत शिरतो, आपली पिल्लं काढतो आणि गुपचूप बाहेर पडतो. पेशीला पत्तासुद्धा लागत नाही."

"मग फोडतं कोण?"

"मारुतीच. त्याच्या स्वतःच्या पांढऱ्या पेशी."

मी सुई काढली आणि मारुतीच्या हातावर कापूस दाबला. मग नळ्या कापसात गुंडाळता गुंडाळता तिनं मला समजावलं. पांढऱ्या पेशींमध्ये एक जात असते, टी पेशी. छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते, तिथं त्या तयार होतात, म्हणून टी. रक्तात मोकळा फिरणारा विषाणू त्यांचं काम नाही, ते दुसऱ्यांचं. ह्या शोधतात आपल्याच शरीरातली अशी पेशी, जिच्या आत विषाणू लपलाय. प्रत्येक पेशी आपल्या आत काय चाललंय त्याचे तुकडे बाहेर, आपल्या अंगावर आणून दाखवत असते. टी पेशी जवळ जाऊन ते तुकडे चाचपते. परका तुकडा दिसला की त्या पेशीला मारते. हजारो जागी हे एकदम सुरू झालं की लिव्हर सुजतं, डोळे पिवळे होतात, माणूस आडवा होतो.

"म्हणजे कावीळ दिसते तेव्हा..."

"तेव्हा अंग लढतंय. आणि सगळ्याच पेशी मारत नाहीत त्या. लिव्हर मग उरलंच नसतं. काही ठिकाणी नुसतं एक रसायन सोडतात, त्यानं पेशीच्या आतला विषाणू पुसला जातो आणि पेशी जगते. ते कसं होतं तेच मला बघायचंय."

इतकी वर्षं मी जी द्रव्यं मोजत होते ती या लढाईची होती. त्या दिवशी मला माझी खोली जरा मोठी वाटायला लागली.

तेवढ्यात आमच्या शिपायानं गडबड केली. पाहुण्या मॅडम लांब जाणार, रक्त नासू नये म्हणून तो बिचारा सोडावाटर विकणाऱ्याकडून बर्फाची लादी घेऊन आला आणि नळ्यांचा डबा तिच्यावर ठेवू लागला. नंदिनी ओरडलीच. टी पेशी गारठल्या की मग प्रयोगशाळेत ओळख देत नाहीत. आम्ही सगळं आयुष्य नमुने गार ठेवायला शिकलेलो, आणि हे रक्त मात्र नुसतं सावलीत, कापसात, माणसाला सोसेल अशा हवेत न्यायचं होतं. डबा मांडीवर घेऊन ती निघाली. बर्फ आम्ही वॉर्डातल्या सगळ्यांना सरबत करून पाजला.

मग मारुती बिघडला. लिव्हर रक्त गोठवणारे घटक बनवतं. ते बनेनासे झाले की माणूस हाताबाहेर चालला असं समजायचं. त्याची तपासणी आम्ही हातानं करायचो. कोमट पाण्यात नळी धरायची, त्यात औषध टाकायचं, घड्याळ सुरू करायचं आणि नळी तिरपी करत बघत राहायचं, की कधी एकदाची त्यात साय धरते. मारुतीची साय धरता धरेना. डॉक्टर सय्यद माझ्या मागे उभे राहून घड्याळ बघत होते. ते बाहेर गेले आणि कोंडाबाईला म्हणाले, "अम्मा, हा वेडंवाकडं बोलायला लागला, किंवा दिवसा झोपून उठेना, तर त्याच पावली नांदेड. मी जीप सांगून ठेवलीय."

"मंग त्याला बाबाकडंच नेते मी. तुमच्या बाटल्यानं काय होऊन राहिलं?"

"काहीच नाही होऊन राहिलं," डॉक्टर म्हणाले. "बाटलीनं विषाणू जात नाही, बाबानंही जात नाही. जे करायचं ते हाच करून राहिला, आतल्या आत. आपण फक्त जवळ बसायचं, अन् तो थकला तर लगेच धावायचं. तुम्ही बसा. मी पण बसतो."

आणि ते खरंच बसले. डॉक्टर खाटेवर बसून मेंढरांचे रोग विचारतायत, हे बघून कोंडाबाईही शेजारी टेकली. रोज सकाळी मी नळी तिरपी करायची. मग एका सकाळी साय आदल्या दिवशीपेक्षा लवकर धरली. माझाच विश्वास बसेना, मी पुन्हा केली. पुन्हा तशीच. मी नळी घेऊन तशीच वॉर्डात पळत गेले. डॉक्टरांनी ती उजेडात धरून कोंडाबाईला दाखवली. "अम्मा, देखो. रक्त गोठलं. तुमचा पोरगा वाचला." तिला त्या नळीत काय कळलं कुणास ठाऊक, पण तिनं डॉक्टरांचे हात धरले.

इथं गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं.

घरात कुणाला हा विषाणू आला की बाकीच्यांचंही रक्त बघायचं असतं. कोंडाबाईचं काही निघालं नाही. रुक्मिणचं ऑस्ट्रेलिया निघालं. तिच्या लिव्हरची द्रव्यं मात्र अगदी ठीक. डोळे स्वच्छ, भूक चांगली, कामाला वाघीण. तिच्या आईला, सरूबाईला, जवळा बाजारजवळच्या गावाहून बोलावून तपासलं, तर तिचंही तेच. म्हणजे रुक्मिणला हे जन्मताना आईकडून आलेलं होतं आणि तिच्या आईला बहुधा तिच्या आईकडून. डॉक्टरांनी मारुती आणि रुक्मिणला आत बोलावून नीट सांगितलं. मारुतीला कुठून आला ते खात्रीनं कुणी सांगू शकत नाही, वस्तराही असेल, सुईही असेल, हेही सांगितलं. पण मारुतीनं आपल्या आईपासून कधी काही लपवलं नव्हतं. त्यानं रुक्मिणचं हेही तिला सांगितलं.

कोंडाबाई माझ्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली.

"बाई, हिच्या अंगात रोग, अन् हिला काहीच न्हाई? माहं लेकरू वाळून चाललं अन् ही काहून अशी टवटवीत? ही खाऊन राहिली त्याला. मी हिला नांदवणार न्हाई."

मी तेव्हा जमेल तसं बोलले, पण माझंच मला नीट उमगलेलं नव्हतं. एकच विषाणू, मग एकाला मरणाच्या दारात नेतो आणि दुसरीला शिवत कसा नाही? मारुतीला घरी सोडलं. काही दिवसांनी साखऱ्याच्या आरोग्यसेविकेनं सांगितलं, की रुक्मिणचं ताट वेगळं केलंय, ती गोठ्याजवळ एकटी जेवते.

मारुती बरा होत आला तेव्हा नंदिनीला त्याचं पुन्हा रक्त हवं होतं, आणि रुक्मिणचंही, दोघांची तुलना करायला. दोघांनी हो म्हटलं. या वेळी तिला यायला जमत नव्हतं, म्हणून डबा मांडीवर घेऊन मी स्वतः गेले. एवढ्या मोठ्या प्रयोगशाळेत मी पहिल्यांदाच पाऊल ठेवलं. सगळं चकचकीत, कुठं हात लावावा कळेना. पण नंदिनीनं मला आपल्या शेजारी बसवलं आणि सगळ्यांना म्हणाली, "हे रक्त जिवंत पोचलंय ते यांच्यामुळे."

काम होईपर्यंत मी दोन दिवस तिच्याच घरी राहिले. मग तिनं मला भिंगाखाली एक तबकडी दाखवली. तबकडीला छोटे छोटे खळगे असतात. खळग्यात पेशंटच्या पांढऱ्या पेशी घालायच्या आणि विषाणूचे तुकडे घालायचे. ज्या टी पेशीला तो तुकडा ओळखू येईल ती रसायन सोडते आणि जिथं सोडते तिथं एक जांभळा ठिपका उमटतो. एक ठिपका म्हणजे ओळख पटलेली एक पेशी.

मारुतीचा खळगा मी बघितला. आभाळ भरून यावं तसे ठिपके. मोठे, लहान, एकमेकांत मिसळलेले. मग तिनं तबकडी सरकवली. रुक्मिणचा खळगा पांढरा. कुठंतरी कडेला एखादा फिकट ठिपका.

"हिच्या पेशी लढत नाहीत?" मी विचारलं.

"बाकी सगळ्या रोगांशी लढतात. फक्त याच्याशी नाही. बाळ जन्माला येतं तेव्हा त्याच्या पेशी अजून शिकत असतात, आपलं कोण आणि परकं कोण. त्याच वेळी हा विषाणू आत आला. मग तो घरचाच होऊन बसला. त्याला कुणी मारत नाही म्हणून ती पिवळी पडत नाही. आणि पिवळी पडत नाही म्हणून तो जातही नाही."

मी बराच वेळ त्या पांढऱ्या खळग्याकडे बघत होते. मला गोठ्याजवळ एकटी जेवणारी रुक्मिण दिसत होती.

"आणि तिच्या पोटातलं बाळ?"

नंदिनीनं भिंग बाजूला केलं. "जन्मल्याबरोबर दोन सुया. एक तयार प्रतिपिंडांची, ती लगेच पहारा देते. दुसरी लशीची, ती त्याच्या पेशींना शिकवते की हा परका आहे. जितक्या लवकर तितकं बरं, पहिला दिवस ओलांडू द्यायचा नाही." लस नांदेडला मिळाली असती, प्रतिपिंडांची सुई मात्र आमच्याकडे कुठं मिळणं कठीण. तिनं दोन्ही मिळवून दिल्या. येताना मी बर्फ टाळत आले होते, जाताना बर्फाचा डबा घेऊन निघाले. त्यातही मेख होतीच. ही औषधं गार हवीत, पण गोठली की वाया. म्हणून बर्फावर कपड्याची घडी, घडीवर कुप्या.

परतल्यावर मी आणि डॉक्टर सय्यद पहिले साखऱ्याला गेलो. मारुती ओसरीवर बसला होता, डोळे निवळले होते. मी त्याला म्हटलं, तू विचारलं होतंस ना रक्तात काय निघालं, ते सांगायला आलेय. आणि सगळं सांगितलं, ठिपक्यांसकट. तो लक्ष देऊन ऐकत होता.

"म्हंजे कळपात शिरून रोगाचं मेंढरू हुडकून काढणारा गडी," तो म्हणाला. "वरून सगळी मेंढरं सारखीच दिसत्यात. जवळ जाऊन चाचपल्याबिगर कळत न्हाई."

कोंडाबाई दाराशी उभी राहून ऐकत होती. "मंग हिच्या अंगात असा गडी न्हाई का?"

"आहे की, मावशी. पण ही जन्मली त्याच घडीला रोग आत आला. जो जन्मापासून घरात दिसतो त्याला परका कोण म्हणणार? म्हणून कुणी त्याला हात लावला नाही. तो तिच्यात आहे, पण तिनं आणलेला नाही. ताटावाटी वेगळी केल्यानंही काही होत नाही, जेवणातून हा जात नाही."

"अन् माहं लेकरू पिवळं पडलं ते?"

"त्याच्या अंगात ताकद होती म्हणून पडलं. लढला म्हणून पडलं. आता त्याच्या रक्तात विषाणू सापडत नाही."

कोंडाबाई दारातून ओसरीवर आली. गोठ्याकडे बघत राहिली, तिथं रुक्मिण शेण भरत होती. मग माझ्याकडे वळून एकदम म्हणाली, "अन् पोटातलं?"

डॉक्टर म्हणाले, "अम्मा, त्याच्यासाठीच आलो आम्ही."

निघताना चहा झाला. कोंडाबाईनं रुक्मिणला हाक मारून आपल्याच शेजारी बसवलं आणि आपल्या बशीतला चहा तिच्यापुढे केला.

पण पहिलं बाळंतपण माहेरी, हे कुणालाही मोडता येत नव्हतं. रुक्मिण जवळा बाजारकडे गेली. कुप्या आमच्या फ्रीजमध्ये. त्या काळी वीज येण्यापेक्षा जाण्याचीच जास्त. वीज गेली की मी फ्रीजला ओढणी बांधून ठेवायची, कारण आमच्या लोकांना त्यात पाण्याच्या बाटल्या ठेवायची सवय. त्या महिन्यात मी सगळ्यांशी भांडले.

एका सकाळी मारुतीचा निरोप आला, कळा सुरू झाल्यात. ऊन नुसतं पेटलं होतं. डॉक्टर सय्यद ओपीडी सोडून जीपमध्ये बसले, मी डबा घेतला, वाटेत कोंडाबाईला उचललं. नेमका जवळा बाजारचा बाजार. बैलगाड्या, बकऱ्या, कांद्याचे ढीग, जीप पुढे सरकेना. डब्यातला बर्फ खुळखुळायला लागला होता. कोंडाबाईनं काही न विचारता डबा माझ्या मांडीवरून घेतला, आपला पदर शेजारच्या बैलगाडीतल्या पाण्याच्या घागरीत भिजवला आणि डब्याभोवती गुंडाळून पोटाशी धरला. मग खिडकीतून डोकं काढून बाजाराला अशा शिव्या दिल्या की रस्ता झाला.

आम्ही पोचलो तेव्हा बाळ रडत होतं. मुलगी. सुईणीनं तिला पुसून गुंडाळलं होतं. डॉक्टरांनी सुया भरायला घेतल्या तशी सरूबाई मध्ये आली.

"न्हाई. जल्मल्या जल्मल्या लेकराला सुई? पाचवी तर होऊ द्या."

डॉक्टर काही बोलणार तोच कोंडाबाई पुढे झाली. ओला पदर तसाच डब्याला गुंडाळलेला.

"इहीणबाई, पाचवीपस्तोर त्यो रोग दारात बसून राहतो का? तुमच्या लेकीच्या येळी ही सुई न्हवती, म्हून तुमचा इलाज न्हवता. आज हाये. माहं लेकरू पिवळं पडताना म्या माह्या डोळ्यानं पाह्यलंय. माही नात हाये ती. टोचा, डाक्टर."

सरूबाई बाजूला झाली. डॉक्टर सय्यद हळूच "बिस्मिल्ला" म्हणाले, कोंडाबाईनं खंडोबाचं नाव घेतलं, आणि एका मांडीत एक, दुसऱ्या मांडीत दुसरी, अशा दोन्ही सुया गेल्या. पोरीनं जो टाहो फोडला तो ऐकून आम्ही सगळेच हसलो. रुक्मिण घाबरत घाबरत म्हणाली, "दूध पाजू का न्हाई?" डॉक्टर म्हणाले, "पोटभर पाज, बेटा. दुधानं काही होत नाही."

लोकांना वाटतं प्रयोगशाळेत काम करणाऱ्यानं माणसं बघितली नाहीत, नुसत्या नळ्या बघितल्या. मला तसं कधी वाटलं नाही. साखऱ्याच्या एका धनगराच्या टी पेशी मी पाहिल्यात, आणि त्या बघून आल्यामुळे एका पोरीला घर परत मिळालं. नोकरीत काय मिळवलं असं कुणी विचारलं तर मी हे सांगते, आणि मान ताठ करून सांगते.

सल एक आहे. सरूबाई. तिच्या अंगात तो रोग निमूट बसलेला होता, तो पुढे काही वर्षांनी उठला. पोटात पाणी भरलं, पाय सुजले. ती आमच्याकडे आली तेव्हा तिची गोठण्याची तपासणी करताना माझ्या हातातल्या नळीत साय धरलीच नाही. ती वाचली नाही. तिच्यासारख्या किती बायका आपलं अंग कधी पिवळं न पडता गेल्या असतील, आणि त्यांच्या किती लेकरांना ती सुई मिळाली नसेल. रुक्मिणला पुढे दरवर्षी तपासत होतो. वेळ आली तेव्हा गोळ्याही निघाल्या होत्या, त्या तिला सुरू झाल्या. तिच्या आईला ते नशिबात नव्हतं.

पोरगी दीड वर्षाची झाली तेव्हा तिचं रक्त बघायचं होतं. लशीचे पुढचे डोस सगळे वेळेवर झाले होते, एकही चुकला नव्हता. रुक्मिण तिला घेऊन आली. त्या इवल्या हाताची शीर शोधताना मला घाम फुटला. तपासणी लावली आणि दोघी बाहेरच्या बाकावर बसल्या. ऑस्ट्रेलिया निघालं नाही. आणि रोगाला अडवणारी प्रतिपिंडं भरपूर निघाली. मी पुन्हा लावून बघितलं. मग बाहेर गेले.

"रुक्मिण, हिच्यात नाही. आणि आता येणारही नाही. तिच्या अंगानं त्याला परका म्हणून ओळखलंय."

पोरगी तिच्या मंगळसूत्राशी खेळत होती. रुक्मिण सावकाश म्हणाली, "मला मायकडून आलं. मायला तिच्या मायकडून आलं असंल. अन् हिच्या लेकरायला?"

"हिच्याकडून जाणार नाही."

"मंग थांबलं म्हणा."

"थांबलं. तुझ्याशीच थांबलं."

"माह्याशी?" तिनं विचारलं. दोनदा विचारलं. मग पोरीला कमरेवर घेऊन ती उठली. फाटकापाशी कोंडाबाई एसटीची वाट बघत उभी होती. रुक्मिण सासूसमोर एरवी खाली मान घालून बोलायची. त्या दिवशी ती पायरीवरूनच मोठ्यानं ओरडली, सगळ्या दवाखान्यानं ऐकावं इतक्या मोठ्यानं,

"आत्या, माह्यापाशी थांबलं ते!"